वेदीवरचा दोडका

कळंब,
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

प्रिय शांतवनराव यांना कल्याणप्पाचा सलाम. (तुम्हा ख्रिस्ती मंडळींत सलाम म्हणतात, हे तुमच्या ताईंच्या शेजारी उभं आयुष्य काढल्यामुळं ठाऊक आहे. आम्हा लिंगायतांत नमस्काराला ‘शरणार्थी’ म्हणतात, तोही सोबत जोडतो. दोन्हीतला जो सोयीचा वाटेल तो घ्यावा.) सोलापुरात तुमच्या गुडघ्याचं कसं काय? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे. आमची मथुराही बरी असून तिनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. माझ्याविषयी तिनं आणखी बरंच सांगितलं, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

परवा तुमचा फोन आला. दसरा होऊन गेला, तरी तारामतीबाईंच्या बागेची किल्ली शिवलिंगशेठला अजून का दिली नाही, असं तुम्ही विचारलंत. प्रश्न रास्त आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही, नुसतं ‘बरं बरं’ होतं, म्हणून लिहितो. बाई तुमच्या सख्ख्या बहीण, जागा आता तुमची. शेठला आपल्या मंगल कार्यालयापुढं गाड्या लावायला ती हवी आहे. मी नुसता भिंतीपलीकडचा माणूस, मला मध्ये पडायचं काहीच कारण नाही. उशीर झाला तो केवळ फुलांमुळं.

त्याचं असं झालं. बाई दवाखान्यात जायला रिक्षात बसल्या, तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, “कल्याणप्पा, रविवारची फुलं तेवढी बघा.” मी हो म्हणालो. मला वाटलं, एका रविवारचा प्रश्न आहे. (त्या दवाखान्यातून परत येणार नाहीत, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. नर्स म्हणून त्यांनी साऱ्या गल्लीला मरणाच्या दारातून परत आणलेलं, त्यामुळं त्यांना स्वतःला आजारी पडता येतं हेच आम्ही धरलं नव्हतं.) बाईंच्या बागेतली फुलं दर रविवारी तुमच्या देवळात वेदीवर जायची. तुम्ही लोक चर्चला देऊळ म्हणता म्हणून मीही म्हणतो, आणि त्या शब्दानंच माझा घात केला असावा. कारण देवळात फुलं कशी वाहायची हे मला लहानपणापासून पाठ आहे.

पहिल्या रविवारी मी पहाटे आंघोळ करून गेलो. झेंडूचा हातभर जाड हार क्रूसाला घातला. वेदीवर बेल वाहिला, पालथा, जसा वाहायचा असतो तसाच. (बाग बाईंची, पण बेल माझ्या अंगणातला.) उदबत्तीचा पुडा लावला आणि पायरीवर नारळ फोडला. मंडळी आली, बसली, गीतं म्हणू लागली. तुमची माणसं फार सभ्य आहेत, त्यामुळं आपलं चुकलं की बरोबर आहे, हे त्यांच्या तोंडावरून कळत नाही. पाळकसाहेब नवीन आणि लाजरे. नारळाच्या पाण्यावरून त्यांचा पाय सरकला, तेव्हा फक्त त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. उपासना संपल्यावर मी तीर्थासाठी हात पुढं करून उभा राहिलो. त्यांनी थोडा विचार केला आणि हस्तांदोलन केलं.

पुढं भाद्रपदात एवढा पाऊस झाला की झेंडू उभा कुजला. शनिवारी संध्याकाळी बघतो तर दोडक्याचा वेल पिवळ्या फुलांनी नुसता भरलेला. मला आनंद झाला. वेलच्या वेल उतरवून रात्री देवळात नेला आणि वेदीवर छान सोडला. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मिटतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगणारी व्यक्ती नव्हती.) सकाळी वेदीवर फूल एकही नाही आणि दोडके मात्र जागोजाग लोंबत होते. पाळकसाहेब एका दोडक्याला हातानं बाजूला धरून शास्त्र वाचत होते. शेवटी मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं न राहवून विचारलं, “बाईच्या बागंतलं हाय व्हय? मग जाताना दोन मला द्या.”

तिथून सगळं हाताबाहेर गेलं. बाई रविवारी दुपारी आजाऱ्यांच्या घरोघर भाजी पोचवायच्या, ती रीत बंद पडली होती, ती अशी देवळातूनच सुरू झाली. आता मी दुधी, कारली, वांगी नेतो. ज्यांच्या घरी कोणी पडून आहे ते येतात, आणि ज्यांच्या घरी सगळे ठणठणीत आहेत तेही येतात. मथुरेच्या भजनातल्या बायका कपाळभर कुंकू लावून, मांडीवर पिशवी घेऊन पूर्ण उपदेश ऐकतात. आमच्या मठाच्या स्वामींनी मला बोलावून घेतलं, हा काय प्रकार म्हणून विचारलं. मी सोबत नेलेला दुधी पुढं ठेवला. त्यांनी आशीर्वाद दिला आणि कारली कधी निघतील ते विचारलं.

आता शिवलिंगशेठकडं येतो. बाईंच्या बागेत पाऊल टाकणाऱ्यानं आधी एका झाडाला बादलीभर पाणी घालायचं, मग बोलायचं, ही त्यांची शिस्त तुम्हाला माहीत आहेच. (मागं एकदा झडती घ्यायला आलेल्या हवालदारानंही पेरूला पाणी घातलं होतं. झडती चुकून या घराची निघाली होती, पेरू मात्र जगला.) ती शिस्त मोडायला मी कोण? शेठ पांढऱ्या कपड्यांत, टेप घेऊन माप घ्यायला आले. मी बादली दिली. ते हसले, पाणी ओतलं, आणि घसरून रामफळाच्या आळ्यातच बसले. मला वाटलं आता सौदा मोडला, आणि तुमच्यासाठी वाईट वाटलं. पण पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, जुने कपडे घालून. मग दर रविवारी. मी टेपची आठवण केली की म्हणतात, “राहू द्या ओ अप्पा, आधी ह्या लिंबाच्या वाळवीचं बघा.”

परवा मात्र ते घरी आले आणि म्हणाले, “अप्पा, जागा म्या घेतो, शब्द दिलाय. पण झाडं तोडायला माणूस तुमी बघा. माझ्यानं न्हाय व्हायचं.” मी म्हणालो, माझ्यानंही नाही. मग आम्ही दोघांनी चहा घेतला आणि विषय पावसाकडं नेला. एवढ्यात किल्लीही हरवली. आता तुम्हीच सांगा, यात माझा दोष कुठं आहे?

बाकी सर्व ठीक. वहिनींना खोकल्यासाठी बाईंची अडुळशाची पानं पाठवत आहे.

तुमचा,
कल्याणप्पा

ता. क. नाताळात वेदीवर निव्वळ फुलंच ठेवता येतील का, असं पाळकसाहेबांनी लाजत विचारलं. मी शब्द दिला आणि शेवंती लावली. तेवढी फुलून जाऊ द्यावी.

ता. क. नाताळानंतर तुमचा ईस्टर असतो म्हणे. त्याला मोगरा लागेल. मोगऱ्याला घाई चालत नाही.

ता. क. मथुरेनं पत्र वाचलं आणि म्हणाली, “खरं लिवा की.” तर खरं लिहितो. किल्ली हरवलेली नाही, माझ्या करदोट्याला बांधलेली आहे. रोज सकाळी मी बागेत जातो, आणि पाणी घालताना बाईंना सगळी हकिगत सांगतो. जन्मात इतकं मी कोणाशी बोललो नसेन. तुम्ही किल्ली मागितलीत तर मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून मागू नका, एवढंच.