हिरव्या तोंडाचे उंदीर

सर, तुमच्या त्या शोधनिबंधाविरुद्ध मी आज तो छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं आहे. तुमचा म्हणते, पण त्यावर माझंही नाव आहे आणि घड्याळ माझ्या हातात होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पेन उचलल्यावर पाठ ताठ झाली, तुम्ही मागे उभे असल्यासारखी. एकदा मी नोंदी पेन्सिलीने केल्या म्हणून तुम्ही वही मिटून बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "पुसायची सोय ठेवून लिहितेस? मग बघतेस कशाला?" त्या दिवसापासून मी रोजनिशीही शाईने लिहिते.

आधी बातमी सांगते. आपल्या ब्राह्मीला अंतराळात जायचं आहे. तिकडे महिनोन् महिने राहणाऱ्यांना वजन जाणवत नाही, झोप धड होत नाही, वर किरणांचा मारा. त्याने मेंदूचं आणि स्मरणशक्तीचं काय होतं, याची काळजी आता वाढली आहे. कोणत्या वनस्पतींमधली द्रव्यं त्यापासून राखण करतील, हे तपासायचा मोठा प्रकल्प आपल्या कॉलेजला मिळू शकतो. उंदरांचे मागचे पाय शेपटीला वरून आधार देऊन जमिनीपासून किंचित वर ठेवले की वजनरहित अवस्थेचा थोडा अंदाज येतो. अशा उंदरांना अर्क देऊन बघायचं. प्रस्तावाचा पाया कोणता, तर वीसएक वर्षांपूर्वीचं आपलं काम: जागरण घडवलेल्या उंदरांची आठवण ब्राह्मीने टिकली. खाली माझी सही हवी होती. मी केली नाही.

का, ते सांगते. प्राणीघर सांभाळणारे मामा आठवतात? बावड्याहून सायकलवर म्हशीचं दूध आणायचे. ते आपण गोल टाकीतल्या पाण्यात ओतायचो, म्हणजे पाण्याखालचा छोटा चौथरा उंदराला दिसत नसे. तो कुठे आहे हे त्याने आठवून शोधायचं, आणि तो वर चढला की मी अंगठ्याने घड्याळ थांबवायचं. कुणाला अर्क आणि कुणाला नुसतं पाणी, हे मला कळू नये म्हणून तुम्ही सकाळी दार लावून स्वतः पाजायचात. यादी पाकिटात, पाकीट तुमच्या खणात, खणाला कुलूप. खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा वास येतोय, मी टाकीवर वाकलेय, आणि मामा किटली खाली ठेवता ठेवता म्हणतात, "ताई, ह्यो हिरव्या तोंडाचा बगा, ह्यो पास हुतोय. हिरवी तोंडं समदी हुशार हायत की."

मी हसले. पांढऱ्या मिशांवर अर्काचा हिरवा डाग राहायचा, पोहूनही जायचा नाही; म्हणजे अर्क कुणाला मिळालाय ते मला दिसतच होतं. तुम्ही चष्मा पुसत होता. "मामा, दूध कमी पडतंय," एवढंच म्हणालात. तुम्हाला तेव्हा कळलं होतं का, सर? त्या दिवशीची माझी रोजनिशी काढून पाहिली. "मामांनी आज फार हसवलं." बस, पुढे काही नाही.

आताचे विभागप्रमुख तुमचेच विद्यार्थी, माझ्या मागच्या तुकडीतले. त्यांना मी म्हटलं, आधी तोच प्रयोग पुन्हा करू, या वेळी नुसतं पाणी मिळणाऱ्या उंदरांनाही साधा हिरवा रंग देऊ, मग जे निघेल ते निघेल. ते म्हणाले, तेवढ्यात मुदत जाईल आणि प्रकल्प दुसरीकडे जाईल. मग बैठकीत सगळ्यांसमोर त्यांचा आवाज चढला. "मॅडम, उंदराच्या मिशा बघायला कोण येतंय हो? सरांनी तुम्हाला घडवलं आणि तुम्ही सरांच्याच मुळावर उठलाय." "सरांनी घडवलं म्हणूनच," मी म्हणाले. घरी येताना हे उत्तर मला फार आवडलं, आणि आवडलं म्हणूनच त्याचा संशय आला.

ब्राह्मी खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती खरंच राखतही असेल. पण तिकडे वर कुणी आपल्या विसरण्याला घाबरून ते औषध घेणार असेल, तर ते माझ्या अंगठ्याच्या भरवशावर नको. प्रकल्प जाऊ दे. तुमच्या तसबिरीखाली उभं राहून लोक मला कृतघ्न म्हणतील, म्हणू देत. तुम्ही असतात आणि रागावला असतात, तरी मी सही केली नसती. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं धाडस तेव्हा नव्हतं. आता आहे, तर ऐकायला तुम्ही नाही.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी ते घड्याळ तुम्ही मला दिलंत. "हिच्या अंगठ्यावर माझा विश्वास आहे," सगळ्यांना सांगितलंत. ते आता माझ्यापुढे आहे. हिरव्या तोंडाच्या उंदराचा पुढचा पाय चौथऱ्याला लागला की मी ते थांबवायची. बाकीच्यांचे चारी पाय वर येईपर्यंत थांबून राहायची. नियतकालिकाला लिहिलेलं पत्र उद्या टपालात पडेल. हे तुम्हाला लिहिलेलं वहीतच राहील. त्या पत्रात मी शाईने लिहिलं होतं की हे 'नकळत' झालं असावं, आणि तो शब्द मी आत्ता खोडला. नकळत नव्हतं, सर. पाकीट उघडल्यावर तुमचा चेहरा खुललेला मला बघायचा होता.