रायगडावरची हेमा आणि इथली लीना

बागबाजार, कलकत्ता
२० जून १९७४

ती. दादास शकूचा नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

राज्याभिषेकाच्या तीनशेव्या वर्षाचा सोहळा तू हेमाला खांद्यावर घेऊन रायगडावर पाहिलास. वाचून खरंच जळफळाट झाला.

आम्हीही इथल्या मराठी मंडळात महाराजांच्या तसबिरीला हार घातला, पेढे वाटले. पण आमच्या लीनाला शेजारच्या बंगाली माशीमा, म्हणजे मावशी, रोज ‘बर्गी येतील’ अशी भीती घालून झोपवतात. बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार, बंगाल लुटायला आलेले. तसबिरीतला घोडा पाहून लीना माझ्या पदरात लपली.

तुझी हेमा तिथे जयजयकार करत होती, दादा.

रायगडावरचे फोटो पाठव, पण थोड्या दिवसांनी.

तुझी,
शकू