इंद्रभान मास्तरांची दौड

मुक्काम टेंभाळी, देऊळघाटापासून अडीच कोस
पौष वद्य सप्तमी

तीर्थस्वरूप शालिग्राममामांच्या चरणी भाचा इंद्रभान याचा दंडवत. (दंडवत मनाने घातला असे समजावे. कंबर वाकत नाही, त्याचे कारण पुढे येईल.) मामींचा दमा कसा आहे? खामगावात उंदीर पडले काय? पडले असल्यास किती आणि कोणत्या आळीत, हे उलट टपाली कळवावे. पडले नसल्यास तेही कळवावे, म्हणजे मला धड झोप लागेल. इकडे आम्ही उभयता जिवंत आहोत. यापेक्षा जास्त खुशाली सध्याच्या दिवसांत कोणी लिहू नये, दृष्ट लागते.

आपले पत्र पोचले. आपण बावीस वर्षे दवाखान्यात कंपाउंडरी केलेली, म्हणून ते तीनदा वाचले. त्यात दोन गोष्टी होत्या. प्लेगची टोचणी दोघांनीही घ्यावी ही एक. आणि रोज थोडा व्यायाम करावा, म्हणजे अंगात रोगाशी झुंजायची ताकद राहते, ही दुसरी. मामा, खोटे कशाला बोलू, मी दुसरी धरली आणि पहिली सोडली. मी सुईला किती भितो ते आपण जाणताच. (लहानपणी मामींनी माझ्या पायातला काटा काढायला सुई आणली, तेव्हा मी घराच्या धाब्यावर चढून बसलो होतो आणि दिवेलागणीपर्यंत उतरलो नव्हतो.) त्यातून देऊळघाटच्या बाजारात ऐकले की ही सुई दाभणाएवढी असते आणि टोचल्यावर हात लोडासारखा सुजतो. मी कौशल्येला म्हटले, तू टोचून घे, मी व्यायामावर भागवतो. तिने भाकर थापता थापता मान वर न करता सांगितले, "तुम्ही घेतली तं मी घेतो. तुम्ही नाई, तं मी बी नाई." ही बाई बोलते तसेच वागते, ही माझ्या संसारातली मोठी अडचण आहे. म्हणजे माझ्या एकट्याच्या भित्रेपणावर दोघांचे जीव टांगलेले.

मग ठरवले की व्यायामच इतका करायचा, की तो दोघांना पुरावा. आपण 'थोडा' असे लिहिले होते खरे. पण थोड्याने थोडी ताकद येत असेल तर पुष्कळाने पुष्कळ यावी, हे त्रैराशिक मी चौथीच्या मुलांना रोज शिकवतो. पहिल्या दिवशी पन्नास जोर आणि शंभर बैठका काढल्या. तिसऱ्या दिवशी दोनशे जोर. पाचव्या दिवशी सर्दी झाली आणि सहाव्या दिवशी ताप भरला. ताप! मामा, त्या दिवशी मी काखेत गाठ आली काय म्हणून इतक्यांदा दाबून पाहिले की तिथे खरोखरच दुखू लागले, आणि दुखते म्हणून मी आणखी दाबले. कौशल्येच्या काढ्याने ताप उतरला. मी त्याचा अर्थ असा लावला की व्यायाम कमी पडला.

शिवाय उंदरांची काळजी आहेच. उठल्याबरोबर मी ज्वारीच्या कणगीमागे काठी घालून उंदीर जिवंत आहेत ना ते पाहतो. मेलेला उंदीर सापडला की घर सोडायचे, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे धडधाकट उंदीर पळताना दिसला की मला सख्खा भाऊ भेटल्याचा आनंद होतो. ते अशक्तपणाने मरू नयेत म्हणून मी रोज मूठभर ज्वारी टाकू लागलो. एकाची शेपटी तुटकी आहे. तो दिसला नाही त्या दिवशी मला जेवण गेले नाही. (कौशल्येने हे पाहिले. तेव्हापासून माझ्या ताटात अर्धी भाकर कमी येते.)

आता मुख्य हकिकत. परवा मी दौड सुरू केली. पळताना तोंड मिटून नाकाने श्वास घ्यावा, असे आपण व्यायामाच्याच ओळीत लिहिले होते. त्याप्रमाणे तांबडे फुटताच धोतराचा काचा मारला, पागोटे घरी ठेवले आणि शाळेपासून तोंड मिटून सुटलो. ज्या मास्तराला गावाने सात वर्षांत भरभर चालतानाही पाहिले नाही, तो उघड्या डोक्याने, अनवाणी, शाळेकडून पळत येतो आहे, हे पाहून विहिरीवरच्या अंबूबाईने घागर खाली ठेवली. "काऊन पळून राह्यले हो मास्तर? काय झालं?" मी नियमाप्रमाणे तोंड उघडले नाही. 'मागाहून सांगतो' अशी हाताने खूण केली. तिला ती 'निघा, निघा' अशी दिसली. (मी नंतर आरशासमोर करून पाहिली. तशीच दिसते.)

शाळेत उंदीर पडले, असा बोभाटा झाला. मी गावाला लांबचा वळसा घालून परत येतो, तो गाव रिकामे! चुली धुमसताहेत, दारे सताड उघडी, आणि माणूस एक नाही. वाटले, मी पळत होतो तेवढ्यात प्लेग येऊन गेला. घरात कौशल्या नाही. मी तिला नाव घेऊन हाका मारल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच उखाण्यावाचून, आणि ओ आली नाही तसा पुन्हा पळत सुटलो. प्लेगात गाव ज्या आमराईत झोपड्या घालते, तिथेच सगळे जमले होते. पण मास्तर गावाकडून दुसऱ्यांदा पळत येतो आहे, हे पाहून त्यांनी गाड्या आणखी पुढे हाकल्या. थांबा म्हणावे, तर आता तोंड उघडे असूनही आवाज फुटेना. असे आम्ही नाल्यापर्यंत गेलो, गाव पुढे आणि मी मागे.

नाल्यावर समोरून बुलढाण्याचे डॉक्टरसाहेब टोचणीची पेटी घेऊन बैलांच्या दमणीतून येत होते. एरवी ही पेटी दिसली की गाव शेतांत पांगते. (मागल्या खेपेला त्यांना गावात एक लंगडा बैल तेवढा भेटला होता.) आता पुढून सुई आणि मागून मास्तर. उकंडराव पाटलांनी एकदा पेटीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि बाही वर केली. "टोचा साहेब! मागून जे येऊन राह्यलं, ते याच्याहून वाईट हाय." दुपारपर्यंत सगळे गाव टोचून झाले. कौशल्याही रांगेत उभी दिसली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. शाळेत उंदीर पडलेच नव्हते हे पाटलांना मागाहून कळले. ते फार रागावले, पण दंड सुजल्यामुळे हात उगारता आला नाही.

डॉक्टरसाहेबांनी मात्र माझी पाठ थोपटली. नागपूरहून किती हुकूम आले, किती दवंड्या झाल्या, पण अख्खे गाव हाकून आणणारा माणूस त्यांनी पहिलाच पाहिला म्हणे. माझ्या जोरांचा आकडा ऐकून ते हसले. म्हणाले, अंगात शिपाई असतात. रोज थोडी कवायत दिली तर ते तयार राहतात. दिवसभर पळवले तर चोर येतो तेव्हा घोरत पडतात, म्हणून तुमची ती सर्दी. आणि प्लेगासारखा चोर असला तर कवायत केलेल्या शिपायालाही त्याचा चेहरा आधी दाखवून ठेवावा लागतो. ते काम सुई करते. मग सगळ्यांदेखत विचारले, तुम्ही तर आधीच घेतली असेल? मामा, मी मान हलवली. कशी हलवली ते माझे मलाच आठवत नाही, पण गावाने ती 'हो' अशीच धरली. कळावे, लोभ आणि सावधगिरी दोन्ही असावी.

आपला भाचा,
इंद्रभान

ता. क. एवढे लांबण लावायचे कारण असे, की रोजच्या व्यायामाने माझे रक्त कणखर झाले असून टोचणीची गरज नाही, अशा चार ओळी आपण सही करून पाठवाव्यात. तारीख मागची घालावी.

दुसरा ता. क. वरच्या ओळी खोडून टाकाव्यात. आत्ता कौशल्येचे दंड पाहिले, दोन्ही. सूज नाही, टोच नाही. रांगेत पुढे पोचली, माझा कोरा दंड पाहिला आणि बाजूला झाली. "म्या तुमाले सांगतलंच होतं," म्हणाली. मामा, सगळ्या गावात दोनच माणसे टोचायची राहिली आहेत आणि ती माझ्या घरात आहेत. तुटक्या शेपटीचा सकाळपासून दिसलेला नाही. आणि कौशल्या हसून बोलते आहे. आयुष्यात इतका कधी भ्यालो नव्हतो, सुईलासुद्धा नाही. साहेबांचा मुक्काम उद्यापर्यंत देऊळघाटला आहे. आम्ही दोघे आत्ताच निघतो. चालत जातो. पळालो तर गाव पुन्हा उठेल.

तिसरा ता. क. अक्षर वाईट आहे, कारण ते डाव्या हाताचे आहे. माझा डावा हात कौशल्येने धरला होता आणि ती तो सोडीना, म्हणून मला उजव्या दंडावर टोचावे लागले. तिनेही टोचून घेतले, हूं की चूं केले नाही. सुई दाभणाएवढी नसते. परत आलो तर तुटक्या शेपटीचा कणगीत ज्वारी खात बसला होता, चांगला लठ्ठ झाला आहे. टोचताना मी ओरडलो, हे मामींना सांगू नये. पण ओरडलो जरा मोठ्यानेच. देऊळघाटला बाहेर रांगेत सतरा माणसे उभी होती, ती रान धरून पळाली. डॉक्टरसाहेबांचा निरोप आहे की टोचणीचा ताप उतरला म्हणजे त्या सतरा जणांमागे मीच पळावे.