कंगवा नेणारा मुलगा

४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईने मला ते दोनदा वाचायला लावलं. लंबू रोज सकाळी आपला अर्धा पाव लंगड्या कुत्र्याला देतो, हे ऐकून तिला फार बरं वाटलं. आणि ती घड्याळवाली, जी बंद पडलेलं घड्याळ हातात घालून सगळ्यांना वेळ विचारत फिरते, तिच्यावर तर आई जाम खूश आहे. आमच्या पोराला शेवटी माणसं मिळाली, असं शेजारच्या काकूंना सांगून आली. बाबा नंतर पत्र उचलून एकटेच वाचत बसले होते.

तू म्हणतोस फोन कर. दादा, फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. समोरून हॅलो आलं की डोक्यातलं सगळं पुसून जातं. लिहिताना कोणी बघत नाही, ते बरं.

मी कामाला जाते त्या पार्लरमध्ये सध्या एक वेड आलंय. एक कादंबरी आहे, तळ्याकाठच्या जुन्या कॉलेजातली. चार मित्र एकमेकांशी कधीच खोटं बोलायचं नाही अशी शपथ घेतात, आणि शेवटी तळ्यावरून तिघंच परत येतात. एवढंच मला कळलंय, कारण ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासमोर बोलायचं नाही असा मॅडमनी नियम केलाय. परवा बँकेतल्या बाईंनी केसांना रंग लावून घेतला आणि पुस्तक उघडलं. धुवायची वेळ झाली तरी उठेचनात. तपकिरी व्हायचे ते केस काळेकुट्ट झाले. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं, पण बाई आरशात न बघता पुढचं पान उलटून मोकळ्या. असं काय असेल रे त्यात?

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी शिंपली


१३ जुलै

चि. शिंपलीस,
अ. उ. आ.

काळ्या केसांच्या बाई वाचून खूप हसलो. पण ते पुस्तक तू वाचू नकोस. उगाच अंधारं आणि उदास आहे, आणि तू पाल दिसली तरी कॉटवर चढतेस. इथे हॉस्टेलवरही पोरांना त्याचंच वेड आहे. जिन्यात तेच, अंघोळीच्या रांगेत तेच. मी आपला लांब असतो.

आमचं मजेत चाललंय. परीक्षेच्या आदल्या दिवशी जाड्याने सगळ्यांचे बूट पॉलिश केले, माझेसुद्धा. तो दर परीक्षेला करतो. संध्याकाळी आम्ही चौघं गच्चीवर बसलो होतो. घड्याळवालीने वेळ विचारली, तर लंबू म्हणाला की तुझ्या घड्याळात वाजलेत तेवढेच. आईला सांग, जेवण चांगलं आहे आणि मी एकटा नाही. बाबांना नमस्कार.

माझा लोभ आटायचा नाही, पण पुस्तक वाचलंस तर कान उपटीन.
तुझा दादा


२६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कान उपट. मी वाचलं.

झालं असं की दुपारी चार बायका तोंडाला पॅक लावून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून आडव्या पडल्या होत्या. पुस्तक दाताच्या डॉक्टरीणबाईंचं. त्यांचं प्रकरण अर्धवट राहिलेलं. त्यांना काही राहवेना, म्हणाल्या की अगं पोरी, तूच वाच की. नववीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं की माझा घसा बंद व्हायचा, पोरी हसायच्या, आणि एक दिवस मी शाळाच सोडली, ते तुला माहीत आहे. पण दादा, इथे कोणाचेच डोळे उघडे नव्हते. मी वाचायला लागले आणि आवाज आला. माझाच.

तेव्हापासून रोज दुपारी वाचते. काय सांगू तुला! कोणी एका माणसाने कुठेतरी बसून हे लिहिलं, आणि इथे पंख्याखाली चार बायका श्वास घ्यायच्या थांबल्या. मॅडमनी पंखासुद्धा बंद केला, पानं उडतात म्हणून. स्कूलबस चालवणाऱ्या काकू रडल्या, तर पॅकमधून दोन ओघळ निघाले. त्यांना पुसायचं भान नव्हतं, मलाही नव्हतं. घरी येताना रस्ता तोच होता, पण मला वाटत होतं की प्रत्येक खिडकीमागे काहीतरी घडतंय. शब्दांनी असं होतं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि मग एका पानावर एक मुलगा अर्धा पाव लंगड्या कुत्र्याला देतो. पुढच्या पानावर बंद घड्याळवाली मुलगी येते. त्यापुढे बूट पॉलिश करणारा. मी थांबले. बायका म्हणाल्या काय झालं गं, तर मी खोकले.

तिघं तीच आहेत, दादा. चौथ्याच्या जागी तू स्वतःला बसवलंस. आणि चौथा तळ्यातून परत येत नाही.

मला राग आला नाही. असल्या माणसांत जाऊन राहावं असं मलाही वाटलं. पण भीती वाटली, खूप. आईला काही सांगितलेलं नाही. मला एक पत्र फक्त खऱ्या गोष्टींचं लिही. एकच ओळ असली तरी चालेल.

वाट बघतेय, त्यातच लोभ समज.
तुझी शिंपली


८ ऑगस्ट

चि. शिंपलीस,
अ. उ. आ.

खरं लिहितो. इथे माझं कोणी नाही. मेसमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवतो. पहिल्याच पत्रात आईने विचारलं होतं, मित्र झाले का. ‘नाही’ असं लिहायला हात होईना. पुस्तक गादीखाली होतं, त्यातला लंबू लिहून टाकला. मग बाकीचे आपोआप आले.

इथे तळं नाही, आणि मला तसलं काही करायचं नाही. तेवढं मनातून काढून टाक. पण बॅग भरून ठेवली आहे. परत येतो म्हणतो. पोरं त्या पुस्तकावर बोलतात तेव्हा वाटतं, मीही बोलावं. पण तोंड उघडत नाही. तोंड मिटलेली शिंपली फक्त तुलाच म्हणायचो, चुकलंच माझं.

यापुढे तू मला काय म्हणशील ते म्हण, पण लोभ ठेव.
दादा


१५ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आलास तर दार उघडंच आहे. आईला मी समजावीन, आता माझा आवाज निघतो.

पण त्याआधी माझं एक ऐक. पुस्तक गादीखालून काढ. मेसमध्ये भिंतीला पाठ करून बस आणि ते टेबलावर ठेव, नाव वर दिसेल असं. बोलू नकोस, नुसता जेव. ज्यांनी हे पुस्तक वाचलंय त्यांना गप्प बसता येत नाही, मी रोज बघते. परवा बसवाल्या काकूंनी थांब्यावरच्या एका अनोळखी मुलीच्या हातात ते पाहिलं, तर गाडी थांबवून विचारलं की कुठपर्यंत आलीस. आतली शाळेची पोरं ओरडतायत आणि या दोघी बोलतायत! थोडे दिवस ठेवून बघ. कोणी आलं नाही तर बॅग उचल.

लोभ टेबलावर ठेवलाय असं समज.
तुझी शिंपली


२ सप्टेंबर

चि. शिंपलीस,
अ. उ. आ.

पहिले काही दिवस कोणी आलं नाही. ताटाखाली पुस्तक झाकून उठावं असं वाटायचं. मग एक मुलगा आला, ताट आदळलं आणि म्हणाला की शेवट भिकार आहे. मी म्हणालो, भिकार नाही. एवढंच. मेसवाल्याने बाकं उचलली तरी आम्ही तिथेच.

त्याच्यात सांगण्यासारखं काही नाही. तो तोंड उघडं ठेवून जेवतो. एकदा माझ्याच खोलीत झोपला, तर इतका घोरला की भिंतीपलीकडच्यांनी दार वाजवलं. माझा कंगवा घेऊन गेला तो अजून दिला नाही. लंबू म्हणजे शुद्ध नाटकी माणूस आहे असं त्याचं म्हणणं. मला इतका संताप आला की मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. दुसऱ्या दिवशी तो उरलेलं भांडण घेऊन परत आला.

बॅग रिकामी करावी लागली. शर्ट तळाशी होते.

आईला हे पत्र वाचून दाखव. लोभ वाढला असेल तर उत्तर लगेच धाड.
तुझा दादा


९ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. आई म्हणाली, लंबू बरा होता, हा कोण घोरणारा आणलास! बाबा मात्र हसले, मोठ्याने.

पण त्याआधी मी पार्लरमध्ये गेले होते. डॉक्टरीणबाईंकडून पुस्तक मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत परत वाचलं. घोरणारा मुलगा त्यात नाही. तोंड उघडं ठेवून जेवणारा नाही. कंगवा नेणाराही कुठेच नाही. सगळं शोधलं, दादा. तो नाहीच.

पुस्तक मिटलं आणि मगच आईसमोर तुझं पत्र उघडलं.

कंगवा इतक्यात परत मागू नकोस. इथून दुसरा धाडते आहे, लोभाबरोबर.
तुझी शिंपली