बंड्याला वटारला नेतोय

भूपेश,

इस्पितळातून तुझ्या आईची बातमी आली, त्या दिवसापासून बंड्या भुंकतोय. जिना अरुंद म्हणून आपण तिला घरी न आणता तिथूनच स्मशानात नेलं. त्याने तिला पाहिलंच नाही. खाली रिक्षा थांबली की ती आली असं समजून तो गॅलरीत धावतो, आणि दुसरंच कुणी उतरलं की घसा बसेपर्यंत भुंकतो. बांधून पाहिलं. काल मारलंसुद्धा, मग मलाच जेवण गेलं नाही.

आज खालचे शत्रुघ्नभाई वर आले. "काका, तुमचं दुःख कळतं, पण पोरांच्या परीक्षा आहेत. उद्या कुत्र्यांची गाडी बोलावतोय."

म्हणून त्याला वटारला तुझ्या मामाकडे नेतोय. त्याच्या वाडीपर्यंत रिक्षा जात नाही. रचनाला सांग, भात झाकून ठेवलाय, माझ्यासाठी थांबू नका.

निघण्याआधी मामाला दोनदा फोन लावला. त्याची बोलण्याची ढब तुझ्या आईचीच आहे रे. ऐकलं आणि ठेवून दिला. बंड्याला ठेवून घेशील का, हे त्याला अजून विचारलेलं नाही.

– बाबा