जर्सी कोण धुणार?

टोरंटो, जानेवारी

प्रिय आई,

तुला आणि बाबांना घट्ट मिठी. दारातला बर्फ उपसताना बाबांचा गुडघा अजून कुरकुरतो का?

काल आमच्या बायकांच्या नव्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा पहिला सामना झाला. तू टीव्हीवर पाहिलाच असशील. ओठाला टाके पडलेत, पण सूप पिता येतं, काळजी करू नकोस.

सामन्यानंतर सवयीने घामट जर्सी पिशवीत कोंबून मी निघाले. संघाचं सामान सांभाळणारा वॉरेन ओरडला, "काय गं, पहिल्याच दिवशी जर्सी पळवतेस?"

"उद्या धुऊन आणते ना!"

"अगं बाई, ते आता माझं काम!"

बाकीच्या मुलींनी गुपचूप आपापल्या पिशव्या उघडल्या. सगळ्यांनीच कोंबल्या होत्या! मग काय, हसून हसून माझे टाके दुखायला लागले.

शाळेतली नोकरी सोडली नाही, फक्त रजा घेतलीय. मागची लीग बंद पडली तेव्हा सगळं सामान घेऊन तुझ्याकडेच आले होते, आठवतं ना?

इतकी वर्षं माझ्या जर्सी धुतल्यास, आता तुझ्या हातांना आराम. तळघरातली कपडे वाळत घालायची दोरी मात्र एवढ्यात सोडू नकोस.

तुझीच,
कायसा