फोटोपुरता फलाट

अ‍ॅलिस्टर,

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्याआधी तुझी सेक्रेटरी वाचेल.

शहरातल्या नव्या ट्रॅम-थांब्याच्या उद्घाटनाला काल तू मला टॅक्सी पाठवून बोलावलंस, कारण ट्रॅम-खात्याच्या साहेबांना, म्हणजे तुला, फोटोत व्हीलचेअरवरची बहीण हवी होती. उंच फलाटावरून माझी खुर्ची सरळ ट्रॅममध्ये गेली. फोटो झाल्यावर म्हणालास, "चल, उतर आता, ब्रॉन." मी उतरले नाही. त्याच ट्रॅमने तशीच घरी निघाले.

ब्रन्सविकला माझ्या घराजवळचा थांबा म्हणजे रस्त्याकडेचा नुसता खांब; ट्रॅमच्या दारातून थेट खाली रस्त्यावर पायऱ्या. तिथला फलाट तू दरवर्षी "निधी नाही" म्हणून पुढे ढकलतोस. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, इथे कशा उतरणार?"

"माझ्या भावाला बोलवा. त्याच्याच खात्याचा थांबा आहे."

मागे ट्रॅमची रांग लागली. लोक शिव्या देत होते, काही उचलायला पुढे आले, पण मी कुणाला हात लावू दिला नाही.

शेवटी तू आलास. सुटाबुटात मला उचलून भर रस्त्यात उतरवलंस आणि कानाशी पुटपुटलास, "चारचौघांत लाज काढलीस माझी."

पोत्यासारखी उचलली गेले मी, आणि लाज तुझी गेली?

तुझ्या फोटोतली,
ब्रॉन